लालीचा तळ

माझी धाकटी जाऊ सकाळच्या चहाला तोंड रंगवून येते. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, फोटो काढायचा नाही, नुसत्या चहाला. आम्ही सगळे अजून डोळ्यांतली झोप पुसत असतो. मुलगा शर्टाची बटणं लावत असतो, सूनबाईचा एक डोळा दुधावर आणि दुसरा घड्याळावर. आणि ही बाई जिना उतरते ती गालांवर दोन टोमॅटो चिकटवून. ओठ लाल, नखं लाल. कपाच्या काठाला जो लाल ठसा उमटतो तो मला घासावा लागतो, कारण सकाळचे कप मीच घासते. सूनबाईच्या हातून कपांचे कान तुटतात.

माणसाने चहाला माणसासारखं यावं, हे मी तिला बोलून बोलून थकले. तिचं उत्तर ठरलेलं.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, आहे ते आधी संपव."

म्हणाले होते. त्यात खोटं काय? आमचं घर त्याच नियमावर उभं आहे. खाली लाँड्री, लाँड्रीच्या मागे स्वयंपाकघर, वरती झोपायच्या खोल्या. लोकांच्या चादरी धुऊन आणि शर्टांना इस्त्री करून आम्ही खातो. इथे साबणाची चिपटी राहिली तर ती नव्या वडीला चिकटवायची. डब्याचा तळ दिसल्याशिवाय दुसरा डबा फोडायचा नाही. मला शाळेने काही शिकवलं नाही, मी तिथे फार थांबलेच नाही. पण घरात काय आहे आणि काय नाही, ते मला न बघता सांगता येतं.

आता त्या लालीची गोष्ट. माझा धाकटा दीर गावोगाव फिरून बायकांचं सामान विकायचा. लिपस्टिक, पावडर, गालाची लाली, नखांचा रंग, डोळ्यांवर लावायचे रंग. बोलायला गोड, कामाला जड. विकलं जाईल ते विकायचा आणि उरेल ते सुटकेसमध्ये भरून घरी आणायचा. गेला तेव्हा मागे दोनच गोष्टी ठेवल्या, बायको आणि सुटकेस. दोन्ही आमच्याकडे आल्या. बायको इस्त्रीच्या टेबलाला लागली. सुटकेस तिच्या पलंगाखाली गेली.

ती सुटकेस एकदा मी उघडून पाहिली होती. एखादं दुकान चालेल एवढा माल. आणि एवढं घरात असताना मागच्या वर्षी ही बाई बाजारातून नवीकोरी लिपस्टिक घेऊन आली. पिशवीत लपवून आणली, पण माझ्यापासून पिशवी लपत नाही.

"भरल्या विहिरीच्या काठावर उभी राहून पाणी विकत आणतेस?" मी म्हणाले.

"जुन्या लिपस्टिकला खडूसारखा वास येतो हो ताई."

"वास नाकाला येतो, लावायची ओठांना. ती सुटकेस रिकामी होईपर्यंत या घरात नवी डबी आलेली मला चालणार नाही."

तिने ऐकलं. तशी ती ऐकणारी आहे, उलटं बोलत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. उलटं बोललं तर भांडता तरी येतं. दुसऱ्या दिवसापासून ती थोडंथोडं लावायला लागली. सुरुवातीला मजाच होती. एके दिवशी डोळ्यांवर मोरपंखी, एके दिवशी ओठ वांग्यासारखे. मुलगा म्हणाला, "काकू, आज कुठल्या सर्कशीत?" ती हसायची. गिऱ्हाइकंही हसायची. मीही एकदा हसले, पण पाठ फिरवून.

मग हळूहळू मोरपंखी गेला, वांगं गेलं, आणि रोज लालच लाल व्हायला लागलं. मला वाटलं, चला, बाकीचं संपलं असेल.

लोकांची तऱ्हा बघा. पलीकडचा चांभार शर्ट न्यायला आला की म्हणायचा, "काकू दिवसेंदिवस तरुण होतायत." शिंपीण म्हणायची, "काय तुकतुकी आलीय तोंडावर!" मी काउंटरमागे बसून सगळं ऐकायची. गुडघे माझे दुखतात, पावत्यांवरचे आकडे मला दिसत नाहीत, या घरासाठी अर्धं आयुष्य मी ओल्या चादरी पिळल्या, आणि कौतुक कुणाचं? जी गाल रंगवते तिचं.

आणि काम? कामाची बोंब. पूर्वी ही बाई एका दमात ढीगभर शर्ट उरकायची. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ, शेवटी पुढचं. इस्त्री अशी फिरायची की बघत बसावं. आता दोन शर्ट झाले की टेबलाला टेकते. जिन्यावर मध्येच थांबते. काय झालं विचारलं तर म्हणते, कानातलं पडलं वाटतं, बघतेय. रोज कसं कानातलं पडतं? एकदा चादरींच्या टोपलीवर बसलेली सापडली, तीही डोळे मिटून. डॉक्टरणीच्या पांढऱ्या कोटावर तिने इस्त्रीचा तपकिरी ठसा उठवला तेव्हा मात्र मी तोंड सोडलं.

"रंग लावायला सकाळी वेळ मिळतो, आणि इस्त्रीवर लक्ष द्यायला नाही! आरशासमोर उभं राहून पाय दुखत नाहीत वाटतं?"

तिने कोट उचलला, डाग बघितला, आणि हळूच म्हणाली, "भरून देते, ताई." ते ऐकून मी आणखीच चिडले. कुठून भरून देणार? आणि मी मागितलं होतं का?

मुलाने त्याच आठवड्यात वाफेच्या मशीनचं पुन्हा काढलं. शर्ट मशीनला घालायचा, झाकण दाबायचं, वाफ सुटते, शर्ट तयार. दोन माणसांचं काम एक पोरगी करील, म्हणाला. मी म्हणाले, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, हे त्याला ठाऊक आहे, पण या वेळी त्याने हेका सोडला नाही. मीही फार ताणलं नाही. हल्ली भांडायला बसलं की उठायचा कंटाळा येतो.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, धाकटी काउंटरपाशी आली. हात गाउनला पुसत उभी राहिली. ती अशी उभी राहिली की काहीतरी मागायचं असतं.

"ताई, गालाची लाली संपली."

"सुटकेस संपली?"

"सुटकेस नाही. लाली."

"मग दुसरं लाव. निळं लाव, जांभळं लाव. नाहीतर काहीच लावू नकोस, तुझं तोंड काय उघड्यावर पडलंय?"

"लालच हवी हो. एक छोटी डबी. मी तुम्हाला कधी काही मागितलं का?"

आवाज असा की जणू औषध मागतेय. मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तळ दाखव, मग बाजार दाखवते." मला वाटलं, रुसेल. ती रुसली नाही. तिने मान हलवली आणि भिंतीला हात लावत लावत जिन्याकडे गेली. अंधार नव्हता. भर दुपार होती. भिंतीला हात कशाला?

तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, हे सरळ सांगते. माणूस चिडलेलं असलं की त्याला चीड सोडून दुसरं दिसत नाही.

शिरलं ते धुण्याच्या टेबलावर. घरचे कपडे आम्ही गिऱ्हाइकांच्या कपड्यांनंतर धुतो, आणि डागांचे कपडे वेगळे काढायचं काम माझं. लिपस्टिकचा डाग म्हणजे हट्टी पाहुणा. गरम पाणी दाखवलंत की कायमचा मुक्कामाला राहतो. आधी भांड्यांचा साबण चोळायचा, मग थंड पाणी, मग मशीन. म्हणून धाकटीचे तोंड पुसायचे रुमाल मी एकेक करून बाजूला घेते. त्या दिवशी ते सगळे समोर पसरले होते. बऱ्याच दिवसांचे साठले होते, कारण माझे गुडघे.

सगळे लाल. एकावर जांभळा नाही, एकावर तपकिरी नाही, निळा तर औषधाला नाही. लाल आणि गुलाबी, गुलाबी आणि लाल. उशीच्या अभ्र्यावरही लाल.

उशीच्या अभ्र्यावर कशाला? झोपताना कोण लाली लावतं?

मी साबण हातात धरून तशीच उभी राहिले. घरात कुठल्या डब्याचा तळ आधी दिसतो त्यावरून मला कळतं घरात काय चाललंय. साखर लवकर संपली की सून नाराज आहे, ती चहात जास्त साखर घालते. खोबरेल लवकर संपलं की मुलाचं डोकं दुखतंय. आणि इथे एवढी मोठी सुटकेस, त्यातलं हिने फक्त लाल खाल्लंय. संपवायचं म्हणून लावणारी बाई जे नावडतं ते आधी संपवते, मी तरी तसंच करते. ही संपवत नव्हती. हिला लाल लागत होतं.

मी जिना चढले. माझ्यासारखीने तो जिना एका दमात चढायचा नसतो, पण चढले. धाकटी पलंगावर बसली होती, मांडीवर सुटकेस उघडी. सगळ्या डब्या, कांड्या रांगेत. निळ्या, जांभळ्या, तपकिरी, सगळ्या भरलेल्या, झाकणं कोरी. लाल डब्यांचे तळ मात्र चकाचक, हेअरपिनने खरवडलेले. आणि हातात हेअरपिन.

"तोंड पूस," मी म्हणाले.

"ताई, आत्ता..."

"पूस म्हणते ना. की मी पुसू?"

ती हलली नाही. मग मीच पुसलं. सुटकेसमधल्याच एका डबीतली क्रीम बोटांवर घेतली, तिची हनुवटी धरली, लहान पोराचं नाक पुसतात तसं पुसलं. गाल पुसले, ओठ पुसले. रुमालाची एक बाजू लाल झाली, उलटी केली.

खालून जे निघालं ते तोंड मी ओळखत नव्हते. धुतलेली चादर असते ना, नीळ न घातलेली, तसा रंग. ओठ आणि गाल एकाच रंगाचे. खालची पापणी ओढून बघितली, आतही पांढरं. हात हातात घेतला तर बोटं बर्फ. भर दुपारी, लाँड्रीच्या वरच्या खोलीत, जिथे खालच्या वाफेने जमीनसुद्धा तापते.

"कधीपासून?"

"मनगट दुखायचं ना, तेव्हापासून गोळ्या घेत होते. मग पोटात जळायला लागलं. मग..." तिने मान खाली घातली. "संडासला काळं काळं होतं हो ताई. मला वाटलं, थांबेल."

"वाटलं! तुला वाटलं!"

मी पुढे आणखी बोलले असते, पण ती बसल्या जागी वाकडी झाली आणि सगळ्या डब्या जमिनीवर घरंगळल्या. मी ओरडले. मुलगा खालून धावत आला, त्याने तिला उचललं. उचलताना म्हणाला, "अरे, काकू किती हलकी झालीय." आणि मग त्याने तिचं पुसलेलं तोंड बघितलं. गाडीत तो एकदाच बोलला. "आई, रोज समोर बसून चहा प्यायचो की गं आपण."

 

हॉस्पिटलात नर्सने आधी नखांचा रंग काढायला घेतला. बोटाला चिमटा लावायचा म्हणे, रंगाने मशीनला नीट दिसत नाही. मी मनात म्हटलं, बाई गं, मशीनलाच कशाला, आम्हाला तरी कुठे दिसलं. डॉक्टर तरुण होता, पण शहाणा. म्हणाला, गोळ्यांनी पोटात जखम झाली आहे, तिथून रक्त जातंय, आज रक्त द्यावं लागेल, नळी घालून जखम बंद करू. वेळेत आणलंत, म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणून मी मान हलवली, नाहीतर मला कुणी वेळेवर आणल्याचं श्रेय देऊ नये.

दोन पिशव्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. ती उशीवर डोकं ठेवून खिडकीकडे बघत होती. तोंड तसंच, रंगावाचून. पण ओठांना आता त्यांचा स्वतःचा थोडासा रंग आला होता. मी स्टूल ओढलं. गुडघ्यांनी कुरकुर केली, मी त्यांना शिवी दिली, ती हसली.

"ताई, दुकान कोण बघतंय?"

"दुकान पळून जात नाही."

"इस्त्री?"

"सूनबाई करतेय. तिघांचे शर्ट चौकोनी झालेत, घालतील तसेच."

पुन्हा हसली. मग चादरीची कड बोटांनी चिमटीत धरून घडी घालायला लागली. सवय ती, दुसरं काय. घडी घालता घालता विचारलं, "मशीन आलं का?"

"कुठलं मशीन?"

"वाफेचं." घडी मोडली, पुन्हा घातली. "मला ठाऊक आहे. मी टोपली घ्यायला आले होते, दाराआड होते. तो तुम्हाला म्हणत होता, मशीन आलं की काकूला सुट्टी देऊन टाकू."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं. म्हणाला होता खरा. स्वयंपाकघरात, माझ्या पायाला तेल चोळत. काकूचं मनगट दुखतं, आई, बिचारीने फार केलं, मशीन आलं की काकूला सुट्टी देऊन टाकू, बसू दे जरा.

"अगं, सुट्टी म्हणजे आराम."

"गिरणीत माझ्या बापाला सुट्टी दिली होती ना, ताई. त्यालाही साहेब हसतच म्हणाले होते, आता आराम करा." ती खिडकीकडेच बघत होती. "मशीन येईपर्यंत तरी कुणाला कळू नये, माझ्यात आता दम नाही, असं वाटलं. गाल लाल असले की लोक काही विचारत नाहीत. रात्री पण लावून झोपायचे, सकाळी लवकर कुणी दार वाजवलं तर. आणि तुमचाच नियम होता, आहे ते संपव. बरंच झालं म्हटलं. कुणाला संशय नको."

वॉर्डात पलीकडच्या बाईचा नवरा डब्याचं झाकण उघडत होता, ते उघडत नव्हतं. मी ते झाकण बघत बसले.

"आणि तसं पाहिलं तर," ती म्हणाली, "चूक काय आहे? हे गेल्यावर तुम्ही मला घेतलंत. मी इस्त्री केली, तुम्ही जेवायला दिलंत. आता इस्त्री होत नाही. बसलेल्या बाईला कोण किती दिवस जेवू घालणार, ताई? तुम्हीच सांगा. खरं सांगा."

असं ती मला विचारत होती. मला, जिच्या ताटाशेजारी तिचं ताट इतकी वर्षं लागतंय. जिच्या कपाळावरची फडकी तिने तापात बदलली, जिचं बोलणं तिने एवढं ऐकलं की दुसरी कुणी असती तर सुटकेस उचलून कधीच गेली असती. आणि डोळ्यांत पाणी नाही, आवाजात तक्रार नाही. नुसतं विचारणं, भाव विचारल्यासारखं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मला रडू यायला हवं होतं बहुतेक. मला आली ती चीड, आणि चिडीच्या मागोमाग असा थकवा, की वाटलं तिच्याच पलंगावर पाय वर घेऊन पडावं.

नर्स आली, सलाइनची गती बघून गेली. ती जाईपर्यंत मी थांबले. मग स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या हातातली ती चादरीची घडी सोडवली.

"खरं हवंय ना? ऐक मग, धाकटे, एकदाच बोलते, दुसऱ्यांदा बोलायचं त्राण माझ्यात नाही. तू खोटारडी आहेस. एक नंबरची. मशीन येणार, आणि तू त्याच्या जवळसुद्धा फिरकणार नाहीस. तू काउंटरमागे माझ्या बाजूला बसायचं, पावत्यांवरचे आकडे मला वाचून दाखवायचे, आणि मी जे बोलेन ते ऐकायचं, कारण सून ऐकत नाही आणि पोराला वेळ नाही. जेवणाचा हिशोब पुन्हा तोंडातून काढलास तर तोंड फोडीन, आजारी आहेस हे बघणार नाही. आणि माझ्या घरात मला विचारल्याशिवाय चमचा इकडचा तिकडे होत नाही, ठाऊक आहे ना तुला? मग मला न विचारता मरायला निघालीस ती कुणाच्या परवानगीने?"